कारखान्यांतील उमेदवारी आणि तरुणाचा पगार

मृगाच्या तोंडावर परीक्षांचे निकाल लागतात, आणि पेरणीच्या गडबडींतच आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरीं आणखी एका पेरणीचा विचार सुरू होतो. दहावी-बारावी झालेला, अथवा तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून बाहेर पडलेला मुलगा मुंबईस पाठवावयाचा असें ठरतें; पण पाठवावयाचा तो कोणत्या कामावर, येथें घरांत दोन मतें होतात. अंधेरीस मावशीचे यजमान असतात. ते कळवितात कीं येथील एका गोदामांत माल बांधण्याचें काम तयार आहे, पगार पहिल्या महिन्यापासून पुरा. मुलुंडास चुलता असतो. तो म्हणतो कीं एका कारखान्यांत उमेदवार घेतात, वर्षभर काम शिकवितात, पण तोंवर हातांत पडेल तें जवळजवळ निम्मेंच. बाप दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडतो आणि बहुधा मोठ्या आंकड्याकडे बोट दाखवितो.

अशा बापास नांवें ठेवण्याचें आमच्या मनांत नाहीं. घरीं सोसायटीचें कर्ज फेडावयाचें असतें, बहिणीचें लग्न तोंडावर आलेलें असतें, आणि मुंबईस राहण्याचा खर्च उमेदवारास माफ होत नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्यास हळदीचें बेणें नऊ महिने जमिनींत ठेवण्याचा अर्थ कळतो, त्यानें मुलाच्या बाबतींत केवळ पहिल्या महिन्याचा हिशेब करावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. म्हणून मालकानें दिलेल्या शिक्षणानें तरुण कामगाराचा पगार खरोखर वाढतो काय, वाढला तर केव्हां, आणि न वाढला तर कां, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे. 'उमेदवारी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. पूर्वीं कचेरींत बिनपगारी बसून काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत, आणि जागा रिकामी होईल या उमेदीवर तो वर्षेंच्या वर्षें काढी. शब्दांतील ती उमेद आणि ती अनिश्चितता, दोन्ही आजच्या कारखान्यांत कायम आहेत.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊं. खंडानें जमीन कसणाऱ्या कुळाचें उदाहरण घ्या. जमीन आपल्याकडे किती वर्षें राहील याची शाश्वती नसेल, तर शहाणें कूळ तींत पेरील आणि कापील. पण उतारास ताली घालणार नाहीं, शेणखताच्या गाड्या ओतणार नाहीं, आंब्याचें कलम तर मुळींच लावणार नाहीं. खत आपण घालावयाचें आणि कस दुसऱ्यानें खावयाचा, हा व्यवहार कोणासच परवडत नाहीं. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यांत कुळानें केलेल्या सुधारणांची भरपाई आणि त्यानें लावलेल्या झाडांवरील त्याचा हक्क यांविषयीं तरतुदी घालाव्या लागल्या, त्या याच कारणास्तव.

कारखानदाराची अडचण हुबेहूब अशीच आहे. तरुण कामगार हें त्याच्या मालकीचें शेत नव्हे. तें त्यानें खंडानें घेतलेलें शेत आहे, आणि तें शेत आपल्या पायांनीं उठून शेजारच्या कारखान्यांत जाऊं शकतें. मुलास यंत्रावर बसविलें, वर्षभर मालाची नासधूस सोसली, एक जाणता कारागीर त्याच्यामागें उभा केला, आणि हात बसतांच तो हजार रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्या मालकाकडे गेला, तर पहिल्याचें पीक दुसऱ्यानें कापलें असेंच होतें. मग पहिला मालक शिकवील तो कशाला?

या प्रश्नाचें नीट उत्तर गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथांत दिलें आहे. त्याच्या मतें कामावरचें शिक्षण दोन जातींचें असतें. एक सर्वोपयोगी, म्हणजे जें कोणत्याही कारखान्यांत चालेल असें. व्हर्नियर धरून माप घेणें, नकाशा पाहून भाग कातणें, वेल्डिंगचा जोड एकसारखा ओतणें, तीन फेजच्या मोटारीचा दोष शोधणें, हीं कसबें अंधेरीस शिकलीं तरी बोरिवलीस विकतां येतात. दुसरें त्या एका कारखान्यापुरतें. अमुक कंपनीच्या गोदामांत कोणता माल कोणत्या फडताळावर असतो, तिच्या बिलाच्या यंत्रावर कोणतें बटण केव्हां दाबावयाचें, तिच्या साहेबास कागद कोणत्या नमुन्यांत लागतो, हें ज्ञान त्या फाटकाबाहेर पडतांच कवडीमोल होतें. दुसऱ्या जातीच्या शिक्षणाचा खर्च मालक आनंदानें करतो, कारण तें घेऊन मुलगा कोठें जाऊं शकत नाहीं. पहिल्या जातीचा खर्च मात्र तो आपल्या अंगावर घेत नाहीं. तो मुलाकडूनच वसूल करतो, आणि वसूल करण्याची रीत म्हणजे कमी पगार. उमेदवाराचें तुटपुंजें विद्यावेतन हें या दृष्टीनें पाहिलें असतां त्यानें भरलेली फी होय. फी भरल्यावर विद्या मिळाली कीं नाहीं, हा पुढचा प्रश्न, आणि सर्व घोटाळा तेथेंच आहे.

या भेदाचें एक ठळक उदाहरण उपनगरांतच घडलें आहे. घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामध्यें विक्रोळीस ज्या गोदरेज कंपनीची वसाहत आहे, तिनें १९५५ सालीं देशी बनावटीचा पहिला टंकलेखक बाजारांत आणला. पुढें संगणक आले, मागणी आटली, आणि २००९ च्या सुमारास कंपनीनें हें उत्पादन बंद केलें. टंकलेखकाच्या अक्षरकाड्या जुळविण्याची नजर ही त्या यंत्रापुरती विद्या. ती यंत्राबरोबर गेली. परंतु तोच हात घासकाम, छिद्रकाम आणि मापें घेणें यांत मुरलेला असेल, तर त्यास दुसरें यंत्र परकें वाटत नाहीं. एकाच बांकावर बसून शिकलेल्या दोन गोष्टी. एक बुडाली, दुसरी तरली.

सिद्धान्त झाला, अनुभव काय सांगतो? येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. शिकविलेल्या कामगारांचे पगार न शिकविलेल्यांपेक्षां जास्त दिसतात, एवढ्यावरून शिक्षणाचा गुण सिद्ध होत नाहीं. मालक शिकावयास निवडतो ती मुळांतच चलाख आणि नेटकीं मुलें. काळ्या कसदार वाफ्यांत नवें खत घालावयाचें, माळावरच्या वाफ्यांत घालावयाचें नाहीं, आणि मग पीक पाहून खताची वाहवा करावयाची, अशांतला तो प्रकार होईल. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर रोनाल्ड फिशर यानें १९२०-३० च्या दशकांत असा दंडक घालून दिला कीं खत कोणत्या वाफ्यास द्यावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, म्हणजे वाफ्याचा कस आणि खताचा गुण यांची गल्लत होणार नाहीं. शेतावर जन्मलेली ही रीत आतां माणसांच्या शिक्षणाची परीक्षा घेण्यासही वापरतात, याचा आमच्या वाचकांस थोडा अभिमान वाटण्यास हरकत नाहीं.

या विषयावरचा एक नांवाजलेला अभ्यास अमेरिकेंत लिसा लिंच या विदुषीनें १९९२ सालीं प्रसिद्ध केला. महाविद्यालयाची पदवी नसलेल्या तरुणांची माहिती वर्षानुवर्षें गोळा केली गेली होती, ती तिनें तपासली. (हा चिठ्ठ्यांचा प्रयोग नव्हता, हें ध्यानांत ठेवावें.) तिला आढळलें तें असें: सध्यांच्या मालकाकडे कामावर मिळालेल्या शिक्षणानें त्याच मालकाकडील पगार वाढतो; पण पूर्वींच्या मालकानें कामावर दिलेल्या शिक्षणाचा नव्या ठिकाणच्या पगारावर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाहीं. उलट, धंदेशिक्षणाच्या शाळेंत घेतलेलें शिक्षण आणि रीतसर उमेदवारी, यांचा फायदा कामगाराबरोबर दुसऱ्या ठिकाणींही जातो. स्त्रियांना आणि गौरेतरांना मालकाकडून शिक्षण मिळण्याचा संभव कमी, हेंही तिनें नोंदविलें आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

चिठ्ठ्या टाकून केलेला एक प्रयोग आपल्याच देशांतील आहे. बंगळूर येथील एका मोठ्या तयार कपड्यांच्या कंपनीनें आपल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना बोलणेंचालणें, वेळेचें नियोजन, अडचण सोडविणें अशा गोष्टींचें शिक्षण दिलें. कोणास द्यावयाचें तें चिठ्ठ्यांवर ठरलें. अच्युत अध्वर्यु व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा हिशेब केला. शिकलेल्या स्त्रियांचें काम चांगलेंच वाढलें, कंपनीस खर्चाच्या मानानें भरघोस नफा झाला. पगार मात्र नांवालाच वाढला. बाहेरच्या मालकास या स्त्रिया पूर्वींपेक्षां हुशार झाल्या आहेत हें कळण्यास मार्ग नव्हता, आणि त्यामुळें आंतल्या मालकास पगार वाढविण्याची निकड नव्हती. जर्मनींतील उमेदवारीसंबंधीं डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफेन पिश्के यांनीं १९९८ सालीं नेमकें हेंच दाखविलें होतें. शिकवून तयार केलेल्या मुलाचा कस त्याच्या मालकास ठाऊक असतो, बाजारास नसतो. म्हणून कसब जितकें वाढतें तितका पगार वाढत नाहीं, मधला फरक मालकाजवळ राहतो, आणि त्या फरकाच्या आशेनेंच तो शिकविण्यास तयार होतो.

तिसरा प्रयोग आफ्रिकेंतील युगांडा देशाचा. त्याचे निष्कर्ष २०२० सालीं बाहेर आले. तेथें बेकार तरुणांपैकीं कांहींना धंदेशिक्षणाच्या संस्थांत पाठविलें, आणि कांहींना लहान कारखान्यांत मालकाच्या हाताखालीं ठेवून त्या मालकास अनुदान दिलें. आरंभीं कारखान्यांत शिकलेले पुढें होते; त्यांना काम लवकर लागलें. परंतु जसजशीं वर्षें गेलीं तसतसे संस्थेंत शिकलेले त्यांच्यापुढें गेले, कारण त्यांच्याजवळ दाखला होता; एक काम सुटलें तरी दुसरें मिळविण्यास तो उपयोगी पडे. कारखान्यांत शिकलेल्याची विद्या बहुतेक त्या मालकाच्या शब्दावर उभी होती.

तिन्ही ठिकाणचें तात्पर्य आम्ही एकाच वाक्यांत सांगतों. मालकाच्या शिक्षणानें तरुणाचा पगार वाढतो तो त्याच्या अंगीं आलेल्या कसबाच्या मानानें नव्हे, तर त्या कसबापैकीं जेवढें तो फाटकाबाहेर नेऊं शकतो आणि परक्या माणसास पटवूं शकतो, तेवढ्याच मानानें.

आतां हें उपनगरांत कसें लागू पडतें तें पाहूं. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड हीं कुर्ला तालुक्यांत येतात. शंभर वर्षांपूर्वीं हा साष्टीचा मुलूख भातखाचरांचा आणि भाजीमळ्यांचा होता. मरोळ, कोंडिविटे, गुंदवली यांचीं गांवठाणें उंच इमारतींच्या कोंदणांत अजून दिसतात. स्वातंत्र्याच्या मागेंपुढें घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रस्त्याच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले. पश्चिमेस कांदिवलीस मोटारींचा व ट्रॅक्टरांचा कारखाना आला. अंधेरीस मरोळ येथें औद्योगिक वसाहत झाली, आणि तिला लागून १९७३ सालीं सीप्झ हें निर्यातीचें क्षेत्र उघडलें, ज्यांत आरंभीं इलेक्ट्रॉनिक माल आणि पुढें जडजवाहीरही तयार होऊं लागलें. अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड येथें सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. गिरणगांवांत पूर्वीं मुलगा काकाच्या किंवा गांवकऱ्याच्या शेजारीं मागावर उभा राहून फुकट शिके आणि जॉबरच्या मर्जीनें बदली कामगार म्हणून आंत शिरे. त्याबद्दल जॉबरास दस्तुरी द्यावी लागे. उपनगरांतील यंत्रकारखान्यांत तसें चालणारें नव्हतें; तेथें नकाशा वाचतां येणारा माणूस लागे.

या वस्तीचा एक मोठा गुण असा कीं येथें एकाच कसबाचे गिऱ्हाईक पुष्कळ आहेत. साकीनाक्याच्या गाळ्यांतून एक वेल्डर सुटला तर पांच मिनिटांच्या वाटेवर दुसरा गाळा असतो. २०१४ सालीं वर्सोवा, अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणारी मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्व उपनगरांतला मुलगा पश्चिमेकडील काम सहज धरूं शकतो. जेथें एकच साखर कारखाना आहे तेथें मालक सांगेल तो पगार घ्यावा लागतो. येथें सर्वोपयोगी कसबास चढाओढ आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. जमिनीचे भाव चढले, आणि शास्त्री मार्गावरील कितीतरी कारखाने बंद होऊन अथवा बाहेर जाऊन त्यांच्या जागीं बाजारवाडे आणि राहण्याचे मनोरे उठले. कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी मोटार बंद होऊन किती वर्षें लोटलीं. तिची शेवटची टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघून गेली. ज्या गांवांत फाटकें अशीं एकाएकीं बंद होतात, त्या गांवांत फाटकापुरती विद्या घेऊन बसणें हा फार मोठा जुगार आहे. चाळिशीच्या सुमारास काम सुटलेला, हाताशीं कोणताही दाखला नसलेला माणूस मग कोणाच्या तरी दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो, हें आमच्या सभासदांनीं आपापल्या नात्यांत पाहिलें असेलच.

बाहेर नेतां येईल असें कसब आणि पटवितां येईल असा दाखला, या दोहोंची सोय ज्या कायद्यानें केली आहे तो १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा होय. यापूर्वींचा १८५० चा कायदा अनाथ व गरीब मुलांना धंद्यास बांधून देण्यापुरता होता. १९६१ च्या कायद्याप्रमाणें मालक व उमेदवार यांच्यामध्यें लेखी करार होतो, त्याची सरकारदरबारीं नोंद होते, ठरलेल्या धंद्यांत मुदत संपतांच परीक्षा होऊन देशभर चालणारें प्रमाणपत्र मिळतें. उमेदवार अज्ञान असेल तर सही पालकाची लागते. म्हणून हा कागद बापानें वाचणें अगत्याचें आहे. २०१४ सालीं कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली, आणि २०१९ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं ज्या आस्थापनेंत तीस किंवा अधिक माणसें आहेत तिनें आपल्या माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. त्याच नियमांनीं विद्यावेतनाची किमान रक्कम दरमहा ५,००० पासून ९,००० रुपयांपर्यंत बसविली. दहावी झालेल्यास ६,०००, बारावी झालेल्यास किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचें प्रमाणपत्र असलेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास ९,०००. दुसऱ्या वर्षीं दहा टक्के वाढ. २०२५ सालीं केंद्रीय शिकाऊ परिषदेनें या रकमा छत्तीस टक्क्यांनीं वाढविण्याची शिफारस केली. हा सर्व भार मालकावर पडूं नये म्हणून २०१६ सालीं निघालेल्या योजनेंत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारनें सोसण्याचें मान्य केलें.

आतां आरंभींच्या बापाचा हिशेब पुरा करूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या घरचे आंकडे घालून तो पुन्हां करावा. गोदामांत १३,००० मिळतात, उमेदवारींत ७,००० मिळतात. महिन्यास ६,००० ची तूट, वर्षास ७२,००० ची. हें ७२,००० म्हणजे जमिनींत टाकलेलें बी. उमेदवारी संपल्यावर गोदामांतील सोबत्यापेक्षां मुलास महिन्यास ३,००० जास्त मिळूं लागले, तर चोवीस महिन्यांत बी वसूल, आणि त्यापुढील सर्व वर्षें उत्पन्नाचीं. फक्त १,००० जास्त मिळाले तर वसुलीसच सहा वर्षें लागतील. आणि वर्षभर त्यास झाडलोट, मालाची चढउतार आणि चहा आणणें एवढेंच दिलें असेल, तर बी कुजलें. म्हणजे दोन कामांची निवड ही खरोखर दोन पगारांची निवड नसून, त्या वर्षांत मुलाच्या हातीं काय येणार, या एकाच प्रश्नाची आहे.

बी कुजविणारे मालक नाहींत असें आम्हीं म्हणणें म्हणजे वाचकांची दिशाभूल करणें होय. कायद्याच्या दृष्टीनें उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. कामगारांसाठीं केलेले कायदे त्यास सामान्यतः लागू होत नाहींत. अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा हक्क आहे, कामाच्या तासांवर मर्यादा आहे, पण किमान वेतनाचा दावा त्यास करतां येत नाहीं. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचें बंधनही मालकावर नाहीं. १९९५ सालीं उत्तर प्रदेशाच्या परिवहन मंडळाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एवढेंच म्हटलें कीं इतर गोष्टी समान असतां बाहेरच्या उमेदवारापेक्षां शिकून तयार झालेल्यास प्राधान्य द्यावें. अशा स्थितींत स्वस्त हात मिळविण्यासाठीं उमेदवार घ्यावयाचे, यंत्राजवळ फिरकूं द्यावयाचें नाहीं, आणि वर्ष संपतांच नवी तुकडी आणावयाची, हा मोह मालकास पडतो. आमच्या परिचयांतील एका मुलाच्या रोजनिशींत अकरा महिने 'पॅकिंग' एवढाच एक शब्द होता. मालकाचें नांव घेण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. सरकारी निरीक्षण आहे, पण तें उपनगरांतील गल्लीबोळांतल्या गाळ्यांपर्यंत पोंचावें अशी अपेक्षा कोणी करूं नये.

याहून वेगळा, पण गोंधळ उडविणारा प्रकार म्हणजे महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं काढलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी झालेल्यास ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा पदविका असलेल्यास ८,०००, पदवीधरास १०,००० असें विद्यावेतन तींत सरकारनेंच ठरविलें आणि सरकारनेंच दिलें. मुदत मूळ सहा महिन्यांची होती. मालकास कांहींच पडत नाहीं, म्हणून तो घेतो सहज आणि सोडतोही सहज. घरीं रिकामें बसण्यापेक्षां हें बरें, याबद्दल वाद नाहीं. पण सहा महिन्यांच्या अनुभवपत्रास आणि १९६१ च्या कायद्याखालील परीक्षेच्या प्रमाणपत्रास बाजारांत सारखाच भाव येईल, अशी समजूत करून घेऊं नये.

कराराच्या कागदासंबंधीं दोन शब्द. कांहीं ठिकाणीं शिकविण्याच्या मोबदल्यांत दोन-तीन वर्षें काम न सोडण्याचा रोखा लिहून घेतात आणि मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेतात. मालकाची भीति आम्हीं वर सांगितलीच आहे, तेव्हां रोखा मागणें हें सर्वस्वीं अन्यायाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्यानें तीन वर्षें पुरीं न करतां नोकरी सोडली म्हणून घेतलेले दोन लाख रुपये योग्य ठरविले आहेत. मात्र १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें भरपाई वाजवी असावी लागते. रोख्यांत लिहिली तेवढी सर्व रक्कम मिळतेच असें नाहीं. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यांतही चूक उमेदवाराची असेल तर शिकविण्याचा खर्च त्यास किंवा त्याच्या पालकास भरावा लागतो, आणि चूक मालकाची असेल तर मालकानें भरपाई द्यावयाची असते. खर्चाचा आंकडा शिकाऊ उमेदवार सल्लागार ठरवितो, मालक नव्हे. मूळ प्रमाणपत्रें मात्र कोणाच्याही हवालीं करूं नयेत. तो मुलाचा सातबारा आहे.

मुलींच्या बाबतींत लिंचबाईंचें निरीक्षण आमच्याही समाजास लागू आहे, असें आम्हांस वाटतें. सीप्झमधील बारीक हातकामावर मुली पुष्कळ दिसतात, परंतु यंत्र जुळविणें, दुरुस्त करणें, तुकडीवर देखरेख करणें, या पुढच्या पायऱ्यांच्या शिक्षणास त्यांना क्वचित पाठवितात. लग्न होऊन ती जाईल, हें कारण मालक सांगतो. आणि बंगळुरास दिसलें तें असें कीं शिकविलें तरी पगार वाढवावयाचें जमलें नाहीं. ज्या घरीं मुलगी दहावीस गणितांत पहिली आली आहे, त्या घरानें तिला आधीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गांत घालावें, आणि मग उमेदवारीस पाठवावें. दाखला प्रथम हातीं असला म्हणजे मालकाच्या मर्जीवर तिचें मोल अवलंबून राहत नाहीं.

जे सभासद या महिन्यांत मुलास पाठविणार असतील, त्यांनीं पगार किती हें विचारण्यापूर्वीं तेथें गेल्या वर्षीं शिकलेला एखादा मुलगा गांठावा आणि तो आज कोठें काम करतो, हें विचारावें. तो त्याच कारखान्यांत कायम झाला असेल तर बरें. दुसऱ्या कारखान्यानें त्यास जास्त पगारावर घेतलें असेल तर त्याहून बरें, कारण तेथलें शिक्षण बाहेर चालतें याचा तो पुरावा. गोदामांतच परत गेला असेल तर कारखान्याचें नांव कितीही मोठें असो, पुन्हां विचार करावा. नंतर करारावर धंद्याचें नांव कोणतें लिहिलें आहे तें पाहावें. तेथें फिटर, टर्नर, वेल्डर असें परीक्षेस मान्य असलेलें नांव हवें. नुसतें 'मदतनीस' किंवा 'ट्रेनी' असेल तर विद्यावेतन आणि गोदामाचा पगार यांतला फरक सोसण्यांत अर्थ नाहीं, गोदामच पत्करावें. नोंदणी आतां सरकारी संकेतस्थळावर होते आणि नोंदणीचा क्रमांक मिळतो. तो मिळेपर्यंत उमेदवारी सुरू झाली असें समजूं नये. मुलानें रोजनिशी रोजच्या रोज भरावी, कोणत्या यंत्रावर किती तास काढले तें लिहावें, आणि आठवड्याच्या शेवटीं वरच्या कारागिराची सही घ्यावी. दिवाळीस घरीं येईल तेव्हां बापानें ती वही मागून घेऊन चाळावी, आणि तींत पहिल्या चार महिन्यांत यंत्राचें नांवच आलें नसेल, तर सुटी संपण्यापूर्वींच शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या कचेरींत लेखी तक्रार द्यावी. वर्ष संपल्यावर दिलेल्या तक्रारीचा मुलास उपयोग होत नाहीं.